जंगलतोड नव्हे, दरड

मी जीपीएस यंत्र बोलतोय. माणूस जिथे उभा असेल ती जागा उपग्रहांना विचारून सांगायची, हे माझं काम. माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. पहिली काही वर्षं मी एका रस्ते ठेकेदाराच्या जीपमध्ये धूळ खात काढली. मग महाडजवळच्या एका लाकडी वस्तूंच्या कारखान्याने मला जुन्यात विकत घेतलं.

त्या कारखान्यात आंब्या-फणसाच्या लाकडाचे ट्रे आणि वाडगे बनत आणि बोटीने युरोपात जात. फळ धरायची थांबलेली म्हातारी झाडं आसपासचे शेतकरी विकत. पॉलिशच्या कामाला गावातल्या बायका येत. सगळं बरं चाललं होतं.

मग युरोपने नियम केला. दोन हजार वीस सालानंतर जंगल तोडून जिथे शेती झाली, त्या जमिनीतलं लाकूड युरोपात उतरणार नाही. प्रत्येक झाड कुठल्या जमिनीतलं, ते नकाशावर दाखवायचं. नियम मला आवडला. जंगल वाचावं असं कुणाला वाटत नाही?

हे काम प्रियदर्शिनीला मिळालं. ती महाडच्या बौद्धवाडीतली, भूगोलाची पदवीधर. मला गळ्यात अडकवून ती पोलादपूरच्या डोंगरवाड्या पायाखाली घालू लागली. माझी काच ओढणीने पुसायची तिला सवय होती. आधी लोक घाबरत. "मोजणी कसली गो? जमीन जानार काय आमची?" ती बसून समजावायची, मग शेतकरी स्वतःच पुढे होऊन हद्द दाखवत. बांधावर आला की प्रत्येक जण शेजाऱ्याच्या बाजूला हळूच एक पाऊल जास्त टाकी. मी तेही पाऊल मोजायचो.

अशीच आम्ही महिपतच्या वाडीवर गेलो. खाली त्याचे जुने आंबे, मध्ये घर, वर डोंगराचा उतार. सगळा एकच तुकडा. आंब्यांचं लाकूड विकून त्याला खाली रस्त्याकडेला, डोंगरापासून लांब घर बांधायचं होतं. दोन हजार एकवीस साली तळीये गावावर डोंगर कोसळला, त्याच पावसात त्याच्या उतारावरही दरड उतरली होती. वरचं जंगल मुळासकट वाहून आलं. म्हैस सोडवायला गेलेला त्याचा भाऊ सयाजी त्या चिखलाखाली गेला, तो सापडलाच नाही. उघड्या पडलेल्या जागेवर महिपतने आणि त्याच्या बायकोने, मंजुळाने, काजूची रोपं लावली. माती धरून राहील म्हणून.

हद्द चालताना तिथे आल्यावर महिपतने वहाणा काढल्या.

"आमचा सयाजी हाय हितं," तो म्हणाला.

प्रियदर्शिनीनेही चपला काढल्या. त्या जागेचे कोपरे आम्ही अनवाणीच नोंदवले.

नकाशा युरोपातल्या खरेदीदाराकडे गेला. त्यांच्या संगणकाने तो उपग्रहाच्या चित्रांवर ठेवून पाहिला. दोन हजार वीस साली गर्द झाडी, पुढच्या वर्षी उघडी माती, आता काजूच्या ओळी. म्हणजे जंगल तोडून बाग केली. अख्खा तुकडा लाल झाला, खालच्या आंब्यांसकट.

प्रियदर्शिनी धावतच कारखान्याचा व्यवस्थापक रितेशकडे गेली.

"सर, तिथे कुणी झाड तोडलेलं नाही. दरड आली होती. माणूस गेलाय तिथे."

"मला माहितीये गं. पण त्यांच्या सिस्टिममध्ये दरड असा पर्यायच नाही."

तिने पंचनामा पाठवला, फोटो पाठवले, फोनवर अडखळत इंग्रजीत भांडली. नियम लागू व्हायची तारीख तोवर पुढे गेली होती, पण खरेदीदार थांबायला तयार नव्हता. उत्तर आलं ते फार सभ्य होतं. घडलं त्याचं दुःख वाटतं, पण धोका पत्करता येत नाही. शेजारच्या जमिनींवरही दरडींच्या खुणा होत्या, म्हणून त्यांनी तो डोंगरच वगळायला सांगितला. रितेशने जिल्ह्याबाहेरचा मोठा लाकूड व्यापारी धरला. त्याची कागदपत्रं तयार होती.

महिपतला सांगायला ती एकटीच गेली. मी होतो गळ्यात.

"काका, तुमचं लाकूड नाही घेत ते. त्यांना वाटतं, वरचं जंगल तुम्ही तोडलंत."

"मी?" महिपतने वरच्या उताराकडे पाहिलं. "डोंगर मी पाडला?"

"त्यांना म्हनावं, येऊन बगा की," मंजुळा म्हणाली.

"म्हटलं काकी. बोलावलं मी त्यांना."

पुढच्या उन्हाळ्यात वाडीवर जळाऊ लाकडाचा ठेकेदार आला. त्याने जमीन कुठली, साल कुठलं, काही विचारलं नाही. पण नुसत्या आंब्यांसाठी ट्रक वर आणायला तो तयार होईना. दरडीच्या कडेला उरलेलं ऐन-किंजळीचं रानही द्या म्हणाला. त्याच झाडांनी बाकीचा उतार धरून ठेवला होता. महिपतला ते ठाऊक होतं. पण घर खाली न्यायचं होतं. त्याने रान दिलं.

प्रियदर्शिनीला कळलं तेव्हा ती पहिल्या एसटीने पोलादपूरला आणि तिथून चालत वर गेली. दरडीच्या कडेला नुसते खुंट होते. महिपत त्यातल्याच एकावर बसला होता. तिच्या गळ्यात मला पाहून म्हणाला,

"मोज आता. आता खरंच तोडलंय."

तिने मला चालू केलं नाही. ती त्याच्या शेजारी बसली आणि रडली.

जळाऊ लाकडाच्या पैशांत खालचं नवं घर जोत्यापर्यंत आलं आणि थांबलं. कारखान्यातलं तिचं काम संपलं. "ठेव तुझ्याकडेच, इथे आता लागणार नाही," असं म्हणत रितेशने मला तिच्या हातात दिलं. आता ती एमआयडीसीतल्या एका रसायन कंपनीत पाळीवर जाते. मी तिच्या घरी फडताळात पडून असतो. माझ्या बॅटऱ्या गळून आतून गंज चढलाय. मी पुन्हा चालू होईन असं वाटत नाही.

पाऊस जोराने लागला की ती मंजुळाकाकींना फोन लावते.

"खालच्या शाळेत झोपायला गेलात ना?"

"जातो गो बाय. ह्यांचं पाय निघत नाय."

मग फोन कटतो. ती खिडकीपाशी उभी राहते.

तुमचा निरोप घेतो. नियम करणाऱ्यांपैकी कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर त्यांना माझं एवढं सांगा, की त्या उताराखाली अजून दोन माणसं राहतात. आणि उतारावर आता एकही मोठं झाड नाही.