वईतलं चिकाचं झाड

"थुंक. थुंक म्हणते ना!"

बेलाचं तोंड मी दोन बोटांनी दाबून उघडलं. जीभ काळीजांभळी, ओठांच्या कडेला रस, परकराच्या ओच्यात आणखी पाच-सहा फळं. चार वर्षांची माझी नात. गोवरातून उठून पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. उचलली तर हाताला नुसती हाडं लागायची.

"कुठनं खाल्लंस?"

तिनं वईकडे बोट केलं.

आमच्या वाडीचं कुंपण म्हणजे ही वई. अडुळसा, निरगुडी, मेंदी, मोगली एरंड, मधूनमधून शेर. सून होऊन आले तेव्हापासून दर वैशाखात ती मी माझ्या हातानं छाटते. शाळेत दोन यत्ता गेले, तेवढंच. पण आळीत कुणाला गळू होवो, कुणाची गाय फुगो, पाला घेऊन माझ्याच दारात येतात. "रखमाबाई, हे काय?" आणि मी सांगते. ठाऊक नाही, असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. गेल्या वैशाखात मात्र मनगट निखळलं होतं, म्हणून कोयता सुनेच्या हातात दिला, प्रेमलताच्या. आणि आता बघते तर मेंदी आणि निरगुडीच्या मध्ये पुरुषभर उंचीचं झाड उभं. पान खरखरीत, कडेनं करवतीसारखं. फळं अळ्यांसारखी लोंबत होती, काही लाल, काही काळी.

शेजारची भागूबाई रहाटाचा बैल तसाच सोडून धावत आली. "अगं बाई, ही तर जांभळी पडली! कसलं झाड गं ते?"

भागूबाई माझ्या तोंडाकडे बघायला लागली. बेलासुद्धा.

मी पान खुडलं. देठातून पांढरा चीक आला.

"विषारी आहे," मी म्हटलं. "चीक बघ. शेराची जात."

शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो. मोगली एरंडाच्या चार बिया खाऊन पाचूबंदरचं एक पोर दोन दिवस ओकत पडलं होतं, हे सगळ्यांना माहीत. माझ्या वईत चिकाचं म्हणून जे काही होतं, ते पोटात घालायचं नव्हतं. मग हे तरी वेगळं कसं असेल?

एकनाथ, माझा मुलगा, विड्याच्या पानांच्या करंड्या घेऊन वसईच्या बाजारात गेला होता. गाडी दिवेलागणीला परतणार. तोवर कोण थांबतंय! मी फडताळातलं गेळफळ काढलं आणि सहाणेवर उगाळायला बसले. ते पोटात गेलं की आतडी उलटी होऊन बाहेर येतात.

"रखमा, पोरीत जीव कुठाय?" भागूबाई कुजबुजली. "ओकून ओकून खलास व्हायची."

"आणि विष ठेवलं तर काय बाळसं धरणार आहे?"

प्रेमलता मघापासून वईपाशी उभी होती. डोळ्यांत टिपूस नाही. त्याचाच मला जास्त संताप आला.

"बघत काय राहिलीस? पोरीचे हात धर."

"आई, नका पाजू."

"मग काय ओवाळू तिला?"

"ते विष नाहीये."

"तुला काय ठाऊक? चाळीस वर्षं वई मी राखतेय का तू?"

मी बेलाला मांडीत दाबली, नाक चिमटीत धरलं, वाटी ओठाशी नेली. पोरीनं किंकाळी फोडली. त्याबरोबर प्रेमलतानं झाडाची फांदी ओढली, ओंजळभर फळं ओरबाडली आणि तोंडात कोंबली. चावली. गिळली. पुन्हा ओंजळ भरली. रस हनुवटीवरून लुगड्यावर गळत होता.

"तुती आहे," ती म्हणाली. "आमच्या बोर्डीची. बाबांच्या वाडीतली."

वाडी तिच्या बापाची नव्हे, एका इराण्याची. बाप तिथं माळी. स्वातंत्र्य मिळालं त्या साली लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या ट्रंकेतून मोगऱ्याचं रोप निघालं होतं. चार बायकांदेखत मी ते उकिरड्यावर भिरकावलं होतं. परक्याच्या वाडीत राबणाऱ्याचं झाड माझ्या वाडीत नको, असंही वर म्हटलं होतं. मोगऱ्याखाली ट्रंकेत लावायला आणलेली तुतीची एक काठीही होती, हे मला आज कळत होतं.

वाटी मी खाली ठेवली, पण ओतली नाही. "बसा दोघी माझ्यासमोर."

ओट्यावर मायलेकी बसल्या. मी एकदा हिचं तोंड बघायची, एकदा तिचं. घाम येतोय का, डोळे फिरतायत का. भागूबाईचा बैल हंबरत होता, पण तीही हलली नाही. माडाची सावली ओट्याची पायरी चढून वर आली, तेव्हा बेला आईचा पदर ओढून म्हणाली, "आणखी दे ना."

मी वाटी केळीच्या बुंध्याशी ओतली.

"सहा वर्षं झाली ही काठी लावून?"

"हो."

"आणि दर वैशाखात मी छाटायची."

"हो."

"तू बघायचीस?"

तिनं बेलाच्या हनुवटीवरचा रस पदरानं पुसला.

वैशाख आला. मनगट बरं होतं. मी वईच्या कोपऱ्यापासून कोयता लावला: अडुळसा, निरगुडी, मेंदी. तुतीपाशी आले तेव्हा पलीकडून भागूबाईनं हाक मारली, "रखमा, हिला कुठं छाटायचं असतं गं?"

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "सुनेला विचार."

आणि कोयता मुठीकडून प्रेमलतापुढे केला.