जनरलचा डावा जोडा

“अहो, उलटा नका करू!” मिसेस कॅल्डवेल जवळजवळ ओरडल्याच.

पण एझरा पेग्रमने तोवर जोडा उलटा केलासुद्धा. चाळीस वर्षं जोडे शिवणारा माणूस तो. जोडा हातात आला की आधी तळ बघणार. चेहऱ्यावरून माणूस ओळखतात म्हणणारे खुशाल म्हणोत, एझराचा भरवसा तळावर.

“हातमोजे घातलेत ना मी. काही होत नाही त्याला,” तो म्हणाला आणि जोडा खिडकीच्या उजेडात धरला.

मिलर्स फोर्ड गावातल्या संग्रहालयात हे बक्कलवाले काळे जोडे नव्वद वर्षं काचेच्या पेटीत, मखमलीवर बसलेले होते. खाली पाटी: ‘हे जोडे घालून जनरल थॉर्नहिल स्वातंत्र्याची लढाई लढले.’ यंदा स्वातंत्र्याला अडीचशे वर्षं होत होती. चार जुलैच्या मिरवणुकीत जनरल होणाऱ्या हँक डूलीसाठी हुबेहूब तसेच जोडे हवे होते, आणि ते काम एझराला मिळालं होतं. मापं घ्यायला मिसेस कॅल्डवेलनी, म्हणजे संग्रहालयाच्या मुख्य बाईंनी, पेटी उघडून दिली होती. नव्वद वर्षांत तळ कुणीच पाहिला नव्हता.

“मॅडम, जनरल घोड्यावरच असायचे ना?”

“म्हणजे काय! ते बघा ना.”

भिंतीवर मोठं चित्र होतं. पांढऱ्या घोड्यावर जनरल, आणि कडेला घोड्याचा लगाम धरून उभा असलेला एक काळा माणूस. त्याचा अर्धा चेहरा चौकटीनेच कापला होता. चित्राखाली जनरलचं नाव होतं, हेक्टर हे घोड्याचंही नाव होतं. लगाम धरणाऱ्याचं नव्हतं. लहानपणी शाळेच्या सहलीला आला तेव्हा एझराने, तोही काळाच, वर्गाच्या बाईंना विचारलं होतं, हा कोण? ‘नोकर,’ बाई म्हणाल्या होत्या. विषय संपला होता.

“घोड्यावर बसणाऱ्याचा तळ असा झिजत नाही,” एझरा म्हणाला. “तीनदा नवा तळ लावलाय याला. टाक्यांची भोकं मोजा हवं तर. हा माणूस चालत होता. मैलोन्‌मैल. आणि हे बघा, त्या काळी जोड्यांना डावा-उजवा नसायचा. रोज अदलाबदल करून घालायचे, म्हणजे दोन्ही सारखे झिजतात. याने कधी केली नाही अदलाबदल.”

“का?”

“करता येत नव्हती. एका जोड्यात आतून टाचेखाली चामड्याचे चार थर घातलेत, आणि झिजेवरून तो डाव्या पायातला. याचा डावा पाय आखूड होता. जनरल लंगडत होते का?”

“छे! नाचात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सगळ्या पत्रांतून आहे तसं.”

“मग झालं तर.”

मिसेस कॅल्डवेल पुढे झाल्या. मग जोडा त्याच्या हातून काढून घेत म्हणाल्या, “मिस्टर पेग्रम, तुम्हाला जोडे करायला सांगितलेत. इतिहास नाही.”

हे शब्द एझराला फार झोंबले. पण रागापेक्षा मोठी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली होती. हा होता तरी कोण?

दुकान त्याने थोरल्या बहिणीवर सोपवलं आणि रोज दुपारी वाचनालयात जाऊन बसू लागला. ओडेसा चौऱ्याहत्तर वर्षांची, जिभेला धार.

“आयुष्यभर पेपरातलं खेळाचं पान तेवढं वाचलंस,” ती म्हणाली, “आणि आता जनरलची पत्रं? गिऱ्हाइकांना काय सांगू, साहेब अभ्यासाला गेलेत?”

“सांग तसंच.”

अकराव्या दिवशी तो कागदाची प्रत घेऊन आला. ओडेसाने चष्मा चढवला. जनरलनी घरी लिहिलेलं पत्र होतं: ‘माझ्या गुलामाचा, प्रायमसचा, पाय हिवाळ्यात मोडला. नीट सांधला नाही, आखूडच राहिला. तरी माझ्या घोड्याबरोबर पायी येतो. माझे जुने बक्कलचे जोडे त्याला देऊन टाकले आहेत.’

“पत्रांच्या पुस्तकाच्या शेवटी, कोण कुठल्या पानावर, अशी नावांची यादी आहे,” एझरा म्हणाला. “हेक्टर घोडा एकोणीस पानांवर. प्रायमस यादीत नाहीच.”

ओडेसाने चष्मा काढून हाताने डोळे पुसले. “नुसतं प्रायमस? आडनाव?”

“आडनाव द्यायला माणूस मानावं लागतं.”

“आपल्या घराण्यातला कुणी असेल का रे?”

“असेल, नसेल. पण आता माझं गिऱ्हाईक आहे तो.”

एझराच्या दुकानात प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाच्या पायाचं लाकडी कळबूत, म्हणजे ज्यावर जोडा शिवतात तो पायाच्या आकाराचा साचा, भिंतीवर टांगलेलं असे, त्यावर नावाची चिठ्ठी. माणूस गेला तरी कळबूत उतरवायचं नाही, हा वडिलांचा नियम. त्या आठवड्यात एझराने जोड्यांच्या मापाने नवं कळबूत कोरलं, पण टांगलं नाही. संग्रहालयातल्या पाटीवर जनरलचं नाव असताना ते टांगायचं कुठल्या तोंडाने? ती पाटी बदलली पाहिजे, एवढं एकच त्याला आता हवं होतं.

एझराने नेऊन दाखवलेलं पत्र मिसेस कॅल्डवेलनी दोनदा वाचलं. खोटं बोलणारी बाई नव्हती ती.

“तुमचं बरोबर आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “पण सगळं छापून झालंय हो. देणगीदार येणार आहेत. पुढच्या वर्षी नक्की बघू.”

“आणि जोडे?”

“हुबेहूब. केसाचाही फरक नको.”

“टाचेखालचे चार थरसुद्धा?”

“सगळं, सगळं!” त्यांचा फोन वाजत होता.

“तसंच करतो,” एझरा म्हणाला.

चार जुलैला सकाळी तंबूत हँक डूलीने जोडे चढवले. हँक विम्याचा धंदा करायचा, पोट सुटलेलं, स्वभावाने मोकळा.

“एझरा, लेका, डाव्यात काय वीट घातलीस का?”

“हुबेहूब आहेत. बाईंना विचार.”

“जनरल असे चालायचे?”

“तू चाल तर खरं.”

ढोल वाजले, जनरल पायी निघाले, आणि सगळ्या गावादेखत लंगडू लागले. आधी लोक हसले. हँकला वाटलं, चालणं सुधारावं. तो जितका ताठ चालू बघे तितका लंगडे. व्यासपीठाजवळ पोचेतो हसू ओसरलं होतं. बापाच्या खांद्यावर बसलेल्या एका मुलीने मोठ्याने विचारलं, “जनरलचा पाय मोडला होता?”

माईक मिसेस कॅल्डवेलच्या हातात होता, छापील भाषणही. त्यांनी हँकच्या पायांकडे पाहिलं. मग गर्दीत, ओडेसाच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या एझराकडे पाहिलं.  आता हसून वेळ मारून नेतील, त्याला वाटलं.

“नाही, बाळा,” त्या म्हणाल्या. “जनरलचा नव्हता मोडला. आमची पाटी चुकली आहे. हे जोडे जनरलनी देऊन टाकले होते. ते घालून सगळी लढाई चालला तो दुसराच माणूस. त्यांचा गुलाम.” त्या अडखळल्या. “मिस्टर पेग्रम, नाव काय त्यांचं?”

एझरा पुटपुटला, “प्रायमस.”

“मोठ्याने बोल की मेल्या,” ओडेसाने काठीने त्याला ढोसलं.

“प्रायमस!”

हँक डूलीने तिकोनी टोपी काढली आणि छातीशी धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी एझराने कळबूत पुसलं आणि चिठ्ठी घेतली. चिठ्ठीवर दोन रेघा असत, वरची नावाला, खालची आडनावाला. वरच्या रेघेवर त्याने सावकाश नाव लिहिलं.

“खाली पेग्रम लिहून टाक,” ओडेसा म्हणाली. “कोण विचारायला येतंय?”

“नको. नव्वद वर्षं त्याच्या जोड्यांवर दुसऱ्याचं नाव होतं. पुन्हा तेच कशाला?”

वडिलांच्या कळबुताशेजारी त्याने खिळा ठोकला आणि प्रायमसचं कळबूत टांगलं. खालची रेघ कोरीच राहिली.