भोंग्याचे कान

"अहो, हळू बोला! मी काय नदीपल्याड उभी आहे?"

बायको हे सहज म्हणाली, न ओरडता. तरी भोंग्याला ऐकू आलं.

कापडगिरणीतल्या मागांच्या खडखडाटाने त्याचे कान बधिर झाले होते. बोले तो ओरडूनच, म्हणून अख्खी गिरणी त्याला भोंगा म्हणे. महिन्यापूर्वी मालकाने 'करून बघू' म्हणत सगळ्यांचेच कामाचे तास कमी केले. तेव्हापासून तो उजेडी घरी येई आणि विसावलेले कान हळूहळू उघडत. नळाची धार, पातेल्यावरचं झाकण... देव जणू एकेक वस्तू परत हाती देत होता.

आज मात्र कसलीशी घरघर आली. त्याने खिडकी लावली, नळ आवळला. आवाज थांबेना. तो बायकोच्या छातीतून येत होता.

"हे केव्हापासून?"

"झाली की वर्षं. गिरणीत आमच्या कापूस पिंजायच्या खात्यात कुणाची छाती वाजत नाही?"

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, 'हो, दार लावलंय!'"

दोघं हसली. हसता हसता तिला खोकल्याची ढास लागली.

"काम करताना देवाची गाणी म्हणायचीस तू."

"दम पुरत नाही. देवाला मनातलंही ऐकू जातं. मोठ्याने म्हणायची ती तुमच्यासाठी."

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली. "नोकरी सुटत नसेल, तर निदान हे कमी तास तरी टिकवा. धूळ कमी गेली तर आहे तेवढी छाती राहील."

तास टिकावेत म्हणून भोंग्याने मागात जीव ओतला. सगळ्यांनीच ओतला. डोळे ताजे, हात चपळ. तुटला धागा लगेच जोडला जाई. कापड पूर्वीपेक्षा जास्त निघालं. मालक हरखला.

"शाबास! एवढ्या तासांत इतकं, तर पुऱ्या तासांत किती निघेल!"

सोमवारपासून जुने तास सुरू झाले.

"घ्या! आपल्याच हाताने पायावर धोंडा," शेजारच्या मागावरचा म्हणाला. भोंग्याने ते त्याच्या ओठांवरूनच ओळखलं.

घरातलं झाकण गेलं, नळ गेला. शेवटी ती घरघरही ऐकू येईना.

आता घरी आला की तो बायकोच्या मागे बसतो आणि तिच्या पाठीवर तळहात टेकवतो.

"काय करताय?" मान वळवून ती विचारते.

"ऐकतोय!" तो ओरडतो.

एकदा हाताखाली काहीतरी थरथरलं. ढास होती की गाणं, त्याला कळलं नाही. त्याने हात काढला नाही.