मला तीन हात लागतात

मी एक जुनं, पास्ता लाटायचं यंत्र आहे. माझं अंग पोलादी, पोटात दोन गुळगुळीत लाटणी आणि बाजूला एक खुंटी. खुंटीवर एक ते सहा आकडे आहेत. मित्रांनो, एकवर पोळी जाड निघते, सहावर इतकी पातळ की पलीकडची बोटं दिसावीत. माझा दांडा मात्र सुटा आहे. तो भोकात घालून फिरवला तरच मी यंत्र, नाहीतर नुसतं टेबलावरचं वजन.

कारखान्याचं मला फारसं आठवत नाही. माझं आयुष्य सुरू झालं ते तिसऱ्या मजल्यावरच्या एका अरुंद स्वयंपाकघरात. घरातली बाई कपडे शिवायची, तिचा नवरा शहरातली बस चालवायचा. त्यांची मुलगी त्यांना आई-बाबा म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो.

मला चालवायला तीन हात लागतात. एकाने दांडा फिरवायचा, एकाने वरून पिठाचा गोळा सोडायचा आणि एकाने खाली उतरणारी पोळी झेलायची. आई मैदा, अंडी आणि चिमूटभर मीठ घालून पीठ मळून ठेवायची. बाबा कामावरून आले की हात धुऊन दांड्यापाशी उभे राहायचे आणि रोज तेच कुरकुरायचे.

"दिवसभर चाकच फिरवून आलोय मी. घरी आल्यावर पुन्हा हे!"

"अहो, याला ना सिग्नल, ना भांडणारे प्रवासी. फिरवा मुकाट्याने," आई म्हणायची.

मुलगी स्टुलावर चढून गोळा सोडायची. आई दोन्ही तळहातांवर पोळी अशी घ्यायची, जणू कुणाचा नवा सदरा आहे. बाबांनी घाई केली की ओरडायची, "सावकाश! उसवेल ती." मग पोळीच्या पट्ट्या कापून उकळत्या पाण्यात जायच्या. कधी टोमॅटो आणि लसूण, कधी नुसतं लोणी आणि मिरपूड, कधी सकाळची उरलेली भाजी. साधंच जेवण, पण ताटं चाटूनपुसून लख्ख व्हायची. कुणी पाहुणा वाखाणणी करायला लागला की आई माझ्याकडे बोट दाखवायची. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा मूठभर मांस चढल्यासारखा फुगायचो.

आईचा एकच नियम होता. मला पाणी लावायचं नाही. पीठ सुकलं की बारीक ब्रशने झाडायचं आणि फडक्यात गुंडाळून ठेवायचं. हे काम ती स्वतः करायची. बाबांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण तोवर ते खुर्चीत पेंगत असायचे.

पुढे मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. स्टूल रिकामं झालं, तरी दोघांचे मिळून चार हात होते. माझं भागत होतं. मग एका थंडीत आई आजारी पडली आणि त्या आजारातून उठलीच नाही.

पुष्कळ दिवसांनी बाबांनी एकट्याने मला टेबलाला आवळलं. एका हाताने गोळा सोडला, एका हाताने दांडा फिरवला आणि पोळी झेलायला कुणीच नव्हतं. ती खाली साचत गेली, स्वतःलाच चिकटली. बाबांनी तो गोळा तसाच उकडून खाल्ला. मग, बिचारे, आईची वस्तू स्वच्छ राहावी म्हणून त्यांनी मला गरम पाण्यात बुडवलं आणि साबण लावून मायेने घासघास घासलं.

आठ दिवसांत माझ्या पोटातलं पीठ दगड झालं आणि चाकांना गंज चढला. दांडा तसूभरही हलेना. बाबा खाली बसले आणि म्हणाले, "अगं, तुझी एवढी एक वस्तू. तीही मला सांभाळता आली नाही."

मला रागवायलासुद्धा जमलं नाही. त्यांनी मला खोक्यात घालून कपाटावर ठेवलं. दांडा राहिला खालच्या खणात. तिथे मी चार वर्षं काढली, मित्रांनो. अंधाराचं मला काही नाही. पण रोज संध्याकाळी खालून बिस्किटाच्या पुड्याचा आवाज यायचा, मग मुलीचा फोन यायचा.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो की. पोटभर."

ते खोटं फक्त मला कळायचं, आणि मला तर तोंड नाही. त्या दिवसांइतकं एकटं मला कधीच वाटलं नाही.

एके दिवशी मुलगी फोनवर म्हणाली, "आईचं मशीन नीट आहे ना? पुढच्या महिन्यात येतेय, तेव्हा घेऊन जाईन म्हणते."

"आहे ना! अगदी झकास आहे," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवल्याबरोबर मला खाली उतरवलं.

त्यांनी माझे चारही स्क्रू काढले. आयुष्यभर गाडीचे आवाज ऐकलेला माणूस तो. टाचणीने दगड झालेलं पीठ टोकरलं, गंज घासला, खायच्या तेलाचे थेंब सोडले. अकराव्या दिवशी दांडा करकरला आणि फिरला. पहिला गोळा माझ्यातून काळाकुट्ट निघाला. तो त्यांनी फेकला, दुसराही फेकला. तिसरा पांढरा निघाला.

एकट्याने कसं लाटायचं तेही त्यांनी शोधलं. गोळा अगदी लहान घ्यायचा आणि खुंटी चारच्या पुढे न्यायची नाही. पुढे पोळी लांबते, तिला झेलायला आणखी हात लागतात. पास्ता जाडच व्हायचा. पण बिस्किटाचा पुडा वाजेनासा झाला. त्या महिन्यात फोनवर ते "जेवलो" म्हणायचे ते खरं असायचं.

मुलगी आली. संध्याकाळी तिने आईसारखे तळहात पुढे केले, बाबांनी दांडा धरला. पाच, मग सहा. पोळीतून तिची बोटं दिसली. दोघांनी जेवण दोनदा वाढून घेतलं.

सकाळी तिने मला फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवलं. दांडा मात्र सापडेना.

"इथंच कुठंतरी असेल," म्हणत बाबा तिच्या मागोमाग घरभर हिंडत होते. खण पाहिले, कपाटाखाली वाकून पाहिलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, पण यांनी कळसा मुद्दाम काखेत मारला होता. त्यांच्या स्वेटरचा उजवा खिसा दांड्याच्या वजनाने मांडीपर्यंत लोंबत होता.

मुलीने खिशाकडे पाहिलं. मग ओट्यावरच्या बिस्किटांच्या डब्याकडे पाहिलं. डब्यात आता मैदा होता. तिने मला खोक्यातून काढून पुन्हा टेबलाला आवळलं.

"दांड्याशिवाय मी हे नेऊन काय करू? राहू दे इथंच. आणि बाबा, महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी येत जाईन. तोवर सापडतो का बघा."

"बघतो," बाबा म्हणाले. त्यांनी लोंबणारा खिसा वर ओढला.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला पाणी लावू नका, ब्रशने झाडा. आणि दांडा फिरवणारा कुणी एकटा असेल, तर अधूनमधून त्याच्यापुढे आपले तळहात धरा.

आज मंगळवार आहे. बाबांनी एवढासा गोळा मळला आहे, आणि खिशातून दांडा काढला आहे. आम्ही चारपर्यंत जाणार.