दुसऱ्या चाकाची वेळ

तिच्या पाठीवर नंबर लावताना त्याने दोन पिना ओठांत धरल्या होत्या. त्यामुळे तिने "सरळ आहे ना?" असं विचारलं तेव्हा त्याला नुसतं हुंकारता आलं. नंबराचं एक टोक वाऱ्याने सारखं उडत होतं. ते धरायला त्याने डावा हात तिच्या खांद्याखाली टेकवला, तशी ती जरा पुढे सरकली. फार नाही, पिन टोचू नये म्हणून कुणीही सरकेल तेवढीच. पण त्याची बोटं थांबली. शेवटची पिन लावताना त्याने कापड तिच्या अंगापासून लांब ओढून धरलं.

"झालं."

"थँक्स," ती म्हणाली.

एकमेकांना थँक्स म्हणायची त्यांना सवय नव्हती. तो आपल्या सायकलकडे गेला आणि आधीच दोनदा तपासलेली चाकातली हवा पुन्हा अंगठ्याने दाबून पाहू लागला.

ती घर सोडून गेली त्याला दोन महिने होत आले होते. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. तसं काहीच झालं नव्हतं. एका रविवारी सायकलवरून आल्यावर कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने सांगितलं, की हॉस्पिटलजवळ एक खोली घेतली आहे, काही दिवस तिथे राहून बघते. त्या हॉस्पिटलात ती एक्स-रे काढायचं काम करायची. काही दिवस म्हणजे किती, हे त्याने विचारलं नाही. तिचे वडील त्यांच्याजवळच राहत. खुब्याचं हाड मोडल्यापासून म्हाताऱ्याला जिना चढता येत नव्हता आणि तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टची. म्हणून ते जावयाकडेच राहिले. घर तळमजल्यावर होतं आणि पुढच्या खोलीत त्याचं किल्ल्या करायचं दुकान. सासरे दिवसभर दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारत. आयुष्यभर शिवणकाम केलेला माणूस, गिऱ्हाइकाच्या खांद्याची उतरण बघून त्याच्या घरची हकिगत ओळखतो म्हणायचे. स्वतःच्या लेकीचं मात्र त्यांना काही उमगत नव्हतं.

"दिवसभर लोकांना श्वास रोखून धरा, हलू नका, असं सांगत असते," ते म्हणायचे. "त्याचीच सवय लागली असेल तिला. तुम्ही मनावर घेऊ नका, जावईबापू. सोडेल श्वास कधीतरी."

जोड्यांच्या रेससाठी क्लबमध्ये नाव आधीच दिलेलं होतं. ते काढून घेऊ का, असं त्याने फोन करून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "कशाला? दिलंय ना नाव. करू की."

त्या 'करू की'वर त्याने बरंच काही उभं केलं होतं. सासऱ्यांनीही. सकाळी तो निघाला तेव्हा ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

"परत येताना तिला घेऊनच या," ते म्हणाले. "मी म्हातारा वाट बघतोय म्हणावं. खोटं बोलायची तरी गरज नाही."

मैदानाच्या फाटकापाशी क्लबचे सर टेबल टाकून बसले होते. शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालेले, आवाज अजून मैदानावरचाच.

"ऐका रे सगळे! तळ्यापर्यंत जायचं, पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. एकेक जोडी एकेका मिनिटाने सुटेल. वेळ धरणार ती दुसऱ्या चाकाची! एकाने बाणासारखं यायचं आणि दुसऱ्याने मागून वरातीसारखं, असं चालणार नाही. जोडी आहे, जोडीनेच या."

मग त्यांना या दोघांची पाठ दिसली.

"अरे, इंजिन-डबा! आलात का? मला वाटलं यंदा गाडी रद्द."

क्लबमध्ये त्यांना हेच नाव होतं. तो पुढे, वारा कापत, मान खाली घालून. ती त्याच्या मागच्या चाकाला चिकटून. वर्षानुवर्षं रविवारी सकाळी असंच. कुणीतरी थट्टेत नाव दिलं आणि त्याला ते आवडलं होतं. ती हसली. सरांनी शिट्टी तोंडात धरली.

ते सुटले तेव्हा वारा समोरून होता. पहिल्या वळणापर्यंत तो पुढे राहिला. ठरल्याप्रमाणे थोड्या वेळाने बाजूला होऊन तिला पुढे येऊ द्यायचं होतं, पण तो झाला नाही. आज तिला वारा लागू द्यायचा नाही, असं त्याने रात्रीच ठरवलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं होती, त्यांच्या पत्र्यांचा खडखडाट होत होता. त्याच्या मांड्या पेटल्या होत्या. मागे तिच्या साखळीचा बारीक, सारखा आवाज येत होता, आणि तो आवाज येतोय तोवर सगळं ठीक आहे असं त्याला वाटत होतं. तळ्यापाशी वळसा घालताना चाल मंदावेल. तिथे बोलायचं. काय बोलायचं तेही ठरलं होतं. 'घरी ये.' एवढंच. दुकानाचं शटर ओढताना त्याने ते कितीदा तरी पुटपुटून पाहिलं होतं. मोठ्याने म्हटलं की ते कुणाला तरी हुकूम सोडल्यासारखं वाटायचं.

"बाजूला हो," मागून ती म्हणाली.

"राहू दे, आहे मी."

"हो ना बाजूला. वेग पडतोय."

तो डावीकडे सरकला. ती त्याच्या शेजारून पुढे गेली आणि तो तिच्या मागच्या चाकाला लागला. क्षणभर बरं वाटलं. वारा एकदम बंद झाला, दार लावून घेतल्यासारखा. मग तिने पाय मारायला सुरुवात केली.

आधी त्याला वाटलं, उतार असेल. उतार नव्हता. तिची पाठ हलत नव्हती, खांदे हलत नव्हते, फक्त पाय फिरत होते आणि त्या दोघांच्या चाकांमधलं अंतर वीतभरावरून हातभर झालं. त्याने जोर लावून ते भरून काढलं. पुन्हा हातभर. रस्ता तळ्याच्या बांधाकडे हलकेच चढत होता. तो उभा राहून पॅडल मारू लागला. बेकरीवाल्या दोघी बहिणी त्यांच्या एक मिनिट आधी सुटल्या होत्या, त्यांचे लाल टी-शर्ट आता समोर दिसायला लागले. ती त्यांच्याकडे बघून जात होती. अंतर एका सायकलएवढं झालं, मग दोन, आणि वारा पुन्हा त्याच्या छातीवर येऊन बसला. हाक मारायला त्याने तोंड उघडलं, पण तेवढा श्वासच शिल्लक नव्हता.

ती जात राहिली. पाठीवरचा नंबर लहान होत गेला. त्याला तिचा हेवा वाटला नाही, रागही आला नाही. आपण फलाटावर उभे आहोत, एवढंच त्याला वाटलं.

पिंपाजवळ पोचल्यावर तिने काखेखालून मागे पाहिलं. पाय थांबवले. तो येऊन पोचेपर्यंत ती पिंपाभोवती हळूहळू फेऱ्या मारत राहिली. बेकरीवाल्या बहिणी वळसा घालून परतीला लागल्या होत्या.

"सॉरी," तो धापा टाकत म्हणाला. "जा... तू जा पुढे."

"पुढे जाऊन काय करू? वेळ तुझ्या चाकाची धरणारेत." तिने बाटली काढून त्याच्यापुढे धरली. "बोलू नकोस. श्वास घे."

ठरवलेले शब्द बोलायची जागा हीच होती. तो पाणी प्यायला आणि बाटली परत दिली.

परतताना वारा पाठीला होता. ती पुढे राहिली, पण आता अंतर पडेना. तो दमला की तिच्या पायांना कळायचं, जरा सावरला की तेही कळायचं. वीतभर म्हणजे वीतभर. मान न वळवता ती त्याला जपून नेत होती. त्या चालीत काहीतरी फार ओळखीचं होतं. कुठे अनुभवलंय, कुठे अनुभवलंय, असं करत गोदामं मागे पडेपर्यंत तो शोधत राहिला. आणि मग त्याला कळलं. ही रविवारची चाल होती. इतकी वर्षं जिला तो आपली चाल समजत होता, जी आपण ठरवतो आणि ती कशीबशी टिकवते असं त्याला वाटायचं, ती. मागे राहूनही ती हेच करत आली होती. आज बांधाच्या चढावर मात्र ते तिच्या लक्षात राहिलं नाही, किंवा राहायचं आता कारण उरलं नव्हतं.

रेषा ओलांडल्यावर तो गवतात आडवा पडला. आभाळ पांढरं होतं. तिने त्याची सायकल उचलून कुंपणाला टेकवली.

"तू नेहमीच एवढी जोरात..." त्याने सुरुवात केली.

"आधी उठून बस. आडवं पडलं की चक्कर येते."

तो उठून बसला. "सांगायचंस ना कधीतरी."

ती हेल्मेटचा पट्टा सोडत होती. बराच वेळ सोडत होती.

"पुढे असलास की खूश असायचास तू," ती म्हणाली. "त्यात सांगण्यासारखं काय होतं? मग सांगायची वेळ निघून गेली."

सरांनी कर्ण्यातून निकाल सांगितला. बेकरीवाल्या पहिल्या, हे दोघे दुसरे, थोडक्यात हुकलेले. "अरे इंजिना," ते टेबलापलीकडून ओरडले, "पहिल्या चाकाची वेळ धरली असती ना, तर आज कप तुमचाच होता!" सगळे हसले. तोही हसला. फोटोसाठी दोघं शेजारी उभे राहिले आणि फोटो काढणाऱ्याने जवळ या, जवळ या म्हटल्यावर दोघांनीही एकाच वेळी अर्धं पाऊल टाकलं.

गाडीच्या मागच्या सीटवर सायकल आडवी घालताना तो म्हणाला, "बाबा वाट बघतायत. दाढीबिढी करून बसलेत. चल ना घरी."

तो हुकूम वाटला नाही. विनवणीही वाटली नाही. पत्ता सांगितल्यासारखं ते बाहेर पडलं.

"उद्या येणारच आहे," ती म्हणाली. "बाबांना न्यायला. तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्यात, हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत. मी तुला आज सांगणारच होते, पण म्हटलं रेस होऊ दे."

"त्यांना माहितीय?"

"नाही. तू सांगशील? माझ्याकडून ऐकलं की रडतील." तिने सायकलचं हँडल आत ढकललं. "तुझ्यापुढे नाही रडणार."

त्याने मान डोलावली. मागचं दार लागत नव्हतं, पुढचं चाक आडवं येत होतं. त्याने ते वळवून घेतलं.

"तिथे बाथरूममध्ये भिंतीला दांडी बसवून घ्यावी लागेल," ती म्हणाली. "खाली बसून उठायला. घरी तू लावलीस ना, तशी. कुठे मिळते ती?"

"घरचीच काढून देतो," तो म्हणाला. "मला काय करायचीय."

तो घरी पोचला तेव्हा सासरे दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे, मग गाडीकडे.

"एकटेच?"

"दुसरे आलो, बाबा."

"दुसरा नंबर काही वाईट नाही. अन् ती?"

"ड्यूटी आहे तिला."

"रविवारची?"

"हाडं रविवारीही मोडतात," तो म्हणाला आणि आत गेला.

सांगायचं होतं. पाणी पिऊन सांगू, असं म्हणून तो पाणी प्यायला. कपडे बदलून सांगू, म्हणून कपडे बदलले. मग दुकानातून स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि तो बाथरूममध्ये शिरला. दांडी त्याने स्वतःच बसवली होती, म्हाताऱ्याला भिंतीशी उभं करून, हात कुठवर पोचतो ते खडूने आखून. दोन टोकांना दोन-दोन स्क्रू, चांगले लांब. पहिला कुरकुरत बाहेर आला. दुसरा अडला होता, त्यावर त्याने अंगाचा भार टाकला. तोही निघाला, सोबत थोडा चुना घेऊन.

काठीचा आवाज आला आणि दारात थांबला.

"ढिली झाली होती का?" सासऱ्यांनी विचारलं.

हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी तशी सोय करून ठेवली होती.

"नाही," तो म्हणाला.

"मग?"

"तिकडे लागेल. तळमजला आहे. हॉस्पिटलच्या मागेच."

सासरे पाठ भिंतीला लावून उभे राहिले. त्यांचं एक बोट शर्टाच्या काजावरून फिरत होतं, टाके उसवलेत का बघितल्यासारखं.

"कधी?"

"उद्या."

"आणि ती?"

"तीही तिथेच."

बाहेर दुकानात कुणीतरी "आहे का कोणी?" अशी हाक मारली. दोघांपैकी कुणीच ओ दिली नाही. थोड्या वेळाने हाक मारणारा निघून गेला.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "माझी आज आंघोळ व्हायचीय अजून."

त्याने हातातल्या दोन स्क्रूंकडे पाहिलं. मग दांडीचं सुटलेलं टोक भिंतीशी धरून एक स्क्रू भोकात घातला आणि पिळायला लागला. भोक आतून सैल झालं होतं. स्क्रू नुसताच फिरत राहिला, कशालाच धरेना. तरी तो पिळत राहिला. दारात म्हातारा खांद्यावर टॉवेल टाकून उभा होता.