दम घ्यायला दीड इंच

दोघा भावांचं कोट शिवायचं दुकान होतं. मोठा गिऱ्हाइकांशी बोलायचा. धाकटा बेतायचा, कापायचा, शिवायचा. पाटीवर नाव मोठ्याचं. धाकट्याच्या ओठांत दिवसभर सात-आठ टाचण्या असत, त्यामुळे त्याला बोलता येत नसे. बत्तीस वर्षं हे दोघांनाही सोयीचं होतं.

मग धाकट्याची मान धरली. हाताला मुंग्या, कात्री धरवेना. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी त्याच्याच गळ्यातला टेप ओढून त्याच्या छातीभोवती धरला.

"काका, श्वास घ्या. घेताय ना?"

"घेतला की मघाशीच!"

"पाव इंच फुगलात. टाचणी गिळली जाईल म्हणून बरगड्या हलवायच्याच नाहीत, आणि छाती वर ओढायचं काम मानेवर टाकायचं. खांदे बघा, कानांना टेकलेत. टाचण्या मनगटावरच्या उशीत खोचा. बरगड्यांवर हात ठेवून श्वास कुशीत भरा."

प्रत्येक गिऱ्हाइकाला दम घ्यायला दीड इंच सैल सोडणारा माणूस तो. त्याला लाज वाटली. सांगितलं तसं केलं. महिन्याभरात खांदे उतरले, मुंग्या गेल्या. तोंड मात्र रिकामं राहू लागलं.

तेवढ्यात शहरातला सर्वोत्तम शिंपी म्हणून मोठ्याचा सत्कार ठरला. त्या दिवशीचा कोटही अर्थात धाकट्याकडेच आला.

"दादा, भाषणात माझं नाव घेशील?"

मोठा आरशासमोरून हलला नाही. "अरे वा, वाचा फुटली! घेईन की. शेवटी घेईन. तू छाती सैल ठेव, बरंच बोलायचंय."

पाटीवर धाकट्याचं नावही बत्तीस वर्षं असंच 'शेवटी' घालणार होते. धाकट्याने छातीला पाव इंचच सोडला. कोटाची बटणं त्याने सभागृहाच्या दारातच लावून दिली, म्हणजे घट्ट वाटला तरी उसवून सैल करायला वेळ उरायला नको.

भाषणाच्या दुसऱ्याच पानावर मोठ्याला धाप लागली. खांदे वर, मान ताठ, चेहरा लालबुंद. पाणी प्यायला आणि बसला. कोट फार रुबाबदार आहे, असं सगळे म्हणाले.

सकाळी मोठा मान चोळत दुकानात आला. खिशातून भाषण काढून त्याने तिसऱ्या पानावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघ. 'सगळे कोट माझ्या भावाने शिवले.' लिहिलं होतं रे. दमच पुरला नाही. वय झालं माझं."

धाकट्याने ओळ दोनदा वाचली. मग मनगटावरच्या उशीतून एकेक टाचणी उपसून ओठांत धरली.

"आता काय झालं? बोल की!"