करंड्यातला दोरा

“डोकं ठणकलं, डोळ्यापुढं काजवे आले, तर घरच्यांना इचारत बसू नको. सरळ दवाखाना गाठायचा. महादेवाची आण घे बरं.”

सासरच्या गावची रोहिणी सिस्टर असं म्हणाली होती आणि शिवकन्येने दिव्याकडे बघून आण घेतली होती. पण पहिलं बाळंतपण माहेरचं. सातव्यात ओटी भरून ती पालमजवळच्या या गावी आली अन् रोहिणी सिस्टर मागेच राहिली. इथल्या उपकेंद्राला कधी कुलूप, कधी बाई नवीन. एकीचं बीपीचं यंत्र बिघडलेलं. दुसरीने पोटावर हात ठेवला न ठेवला तोच सांगितलं, “समदं चांगलं हाय. सूज काय, नवव्यात येतीच.” खरं कुणाचं धरायचं?

संशयाला बूड टेकू दिलं की तो पाय पसरतो. शिवकन्येचा संशय भावजयीवर, भाऊ जीवनच्या बायकोवर बसला. राजेश्रीचं लेकरू दोन वर्षांमागे पोटातच गेलेलं. तेव्हापासून ती बोलायची कमी, आणि हिच्या पायांकडे मात्र टक लावून बघायची. दुपारी हिचा डोळा लागला की पायथ्याशी कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. दचकून उठावं, तर राजेश्री उंबऱ्याबाहेर गेलेली.

आई, सरजाबाई, वर तेल ओतायची. “पोटुशीच्या पदराचा धागा बी कुनाच्या हाती लागू देऊ न्हाई, माय. रिकाम्या कुशीची नजर लय वंगाळ.”

आज अमावस्या. सकाळी देवापुढे दिवा लावताना शिवकन्येला एका वातीच्या दोन दिसल्या. डोकं तर पहाटेपासून ठणकत होतं. देवाला वाहायला कुंकू उरलं नव्हतं म्हणून तिने भावजयीचा करंडा उघडला. आत गुंडाळलेला गोधडीचा पांढरा दोरा. त्याला जागोजाग गाठी.

“वैनी! माझ्यावर करनी करायलीस?”

राजेश्री चुलीपुढून उठली. रागावली नाही. “पाय दे इकडं.”

शिवकन्येने पाय आखडून घेतला. राजेश्री तशीच खाली बसली आणि दोरा तिच्या घोट्याभोवती फिरवला. “ही गाठ तू आलीस त्या दिसाची. ही गेल्या सोमवारची. ही कालची.” आजचा घोटा कालच्या गाठीच्याही पुढे गेला होता.

“माझे बी असेच फुगले व्हते. समदे म्हनले, येतीच सूज. मी बी गप ऱ्हायले.” तिचा आवाज खाली आला. “तुला सांगितलं असतं तर आत्याबाई म्हनल्या असत्या, नजर लावायली. म्हनून तू झोपल्यावर मोजायचे.”

शिवकन्येला अजून पुरतं पटेना. पण दोऱ्याला नावं ठेवली तरी जोडव्यांचं काय? ती बोटांत रुतून बसली होती.

“वैनी, डोकं दुखायलंय. वाती दोन दोन दिसायल्यात.”

“कवापून? अन् आता सांगायलीस व्हय, येडे!”

अंगणातून सरजाबाईचा आवाज आला, “काय खुसपुस चाललीय? आज अवस हाय, कुटं जायचं नाव काढू नका. उद्या जीवन न्हेईल गाडीवर.” आणि ती शेणाची पाटी घेऊन गोठ्याकडे गेली.

शिवकन्येने देवाकडे पाहिलं. अवस मोडली तर महादेव समजून घेईल. त्याच्याच नावाची आण मोडली तर त्याला काय सांगायचं?

राजेश्रीने तोवर १०८ला फोन लावला होता. गाडी मारुतीच्या पारापाशी येणार होती.

शिवकन्येने चपलेत पाय घातला. मावेना. राजेश्रीने दाराआडून जीवनच्या मोठ्या चपला आणून पुढे सरकवल्या.

“दोरा घे,” शिवकन्या म्हणाली. “डॉक्टरला दाखवू.”

आणि भावजयीच्या खांद्यावर हात टेकून, पायातल्या चपला वाजू न देता, तिने उंबरा ओलांडला.